ड्रॉइंग काढायची खोली

आमच्या मीरा रोडला प्रत्येक घरात हॉल असतो. घर केवढंही असू दे, दार उघडलं की हॉल, आणि चार पावलं टाकली की तो संपलेला असतो. त्यात सोफा, टीव्ही, देव्हारा, घडी करून उभं केलेलं इस्त्रीचं टेबल आणि पाहुणे आले तर पाहुणे. या हॉलांची छतं काढायचं काम मी करते. पूनम सागरजवळ एका इंटिरियरवाल्याच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसते आणि फॉल्स सीलिंगची डिझाइनं बनवते.

नवरा-बायको येतात, खुर्चीवर टेकतात आणि म्हणतात, "मॅडम, थोडा रॉयल चाहिए. वो इंग्लंड के बंगले में होता है ना, वैसा." मी मान डोलावते. मग मधोमध एक लंबगोल, त्याच्याभोवती पीओपीची वेल, चार कोपऱ्यांत चार फुलं आणि वेलीच्या आड एलईडीची पट्टी. मुळात नऊ फुटांवर असलेलं छत त्यामुळे आणखी खाली येतं आणि त्याच्याही खाली पंखा फिरतो. उंच माणसाने तिथे अंगातला शर्ट जपून काढावा. गिऱ्हाईक खूश होतं. मी नाक मुरडते, पण गिऱ्हाईक गेल्यावर, कारण ती वेल खरी कशी असते हे मला माहीत आहे. खरी वेल ओल्या चुन्यात हाताने उठवलेली असते, तिचं एक पान दुसऱ्यासारखं नसतं, आणि ती एवढ्या उंचावर असते की बघताना मान अवघडते.

माहीत आहे म्हणजे पुस्तकातून. डोळ्यांनी मी यातलं काहीही पाहिलेलं नाही. पाहिलंय माझ्या धाकट्या बहिणीने, जिला यातलं काडीचंही कळत नाही, आणि तिथेच माझं पोट दुखतं.

आम्ही लहानपणी पेणकरपाड्यात बैठ्या चाळीत राहायचो. एक खोली आणि मागे मोरी. बाबा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. तेव्हा मीरा रोडला बिल्डिंगांमागून बिल्डिंगा उठत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच आधी बाबांच्या हातून कागदावर उतरलेल्या होत्या. ऑफिसात काम उरकायचं नाही, म्हणून ते घरी आणायचे. आईची चूल-भांडी आवरली की जमिनीवर चटई, चटईवर ड्रॉइंग बोर्ड आणि बोर्डवर ओणवे झालेले बाबा. दारात कोणी आलं की बोर्ड भिंतीला उभा करायचा. पाहुणा गेला की आडवा. जेवायची वेळ झाली की पुन्हा उभा. बाबा कधी चिडले नाहीत, पण दर वेळी उठताना कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच वाकून उभे राहायचे.

त्यांच्याकडे एक लाकडाची तिकोनी मापपट्टी होती. तिच्या प्रत्येक कडेला वेगळं माप, एकीवर खोली मोठी दिसते, दुसरीवर तीच खोली लहान. तिला हात लावायची परवानगी फक्त मला होती, थोरली म्हणून. निदान मला तरी तसं वाटायचं.

एकदा ऑफिसची जागा बदलली तेव्हा रद्दीत चाललेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक बाबांनी उचलून घरी आणलं. कव्हर नव्हतं, पुढची पानंही गळलेली, त्यामुळे त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. आत इंग्लंडमधली जुनी, खेड्यापाड्यांतल्या जमीनदारांची घरं होती. घरं म्हणायचं आपलं. डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर नकाशा. नकाशा वाचायला मी बाराखडीबरोबरच शिकले होते, म्हणून मला ते पुस्तक परकं वाटलं नाही.

पहिल्याच नकाशात दारातून आत गेलं की हॉल लिहिलेलं होतं. मला बरं वाटलं, बाबा काढतात तसंच यांचंही आहे. मग मी फोटो बघितला. दोन मजल्यांइतका उंच, खाली बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी, भिंतीतल्या कोनाड्यांत पुतळे. आमची चाळ पत्र्यांसकट त्यात मावली असती. त्या हॉलात कोणी राहतही नव्हतं, तो नुसता आत यायला होता.

मग मी एकेक घर पिंजून काढलं. एका घरात लांबच लांब गॅलरी होती, बाहेर पाऊस असला तर मालकांनी घरातल्या घरात फेऱ्या मारायला. एका घरात पलंग होता, त्याचे रेशमी पडदे छतापर्यंत, आणि त्यावर कोणी झोपत नसे. राजा कधी मुक्कामाला आला तर असावा म्हणून ठेवलेला. काही खिडक्या तर खोट्या, घराची डावी-उजवी बाजू बाहेरून सारखी दिसावी म्हणून भिंतीवर काढलेल्या नुसत्या चौकटी. आम्हाला एका खिडकीसाठी शेजाऱ्यांशी भांडावं लागत होतं, आणि यांच्याकडे खिडक्या शोभेला होत्या.

हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण प्रत्येक घरात आणखी एक खोली होती, आणि तिच्यावर ड्रॉइंग रूम असं लिहिलेलं होतं.

ड्रॉइंग या शब्दाचा मला एकच अर्थ माहीत होता. बाबा करायचे ते ड्रॉइंग. म्हणजे या लोकांच्या घरात फक्त ड्रॉइंग काढायला वेगळी खोली होती, तीसुद्धा घरातल्या सगळ्यात सुंदर खोल्यांपैकी एक. भिंतींना फिकट हिरवं रेशीम, छतावर पांढरी वेल आणि जमिनीपासून वर चढत गेलेल्या तीन खिडक्या. माझा नुसता जळफळाट झाला. मी बाबांची पट्टी घेतली, नकाशाखालच्या मापावर लावली आणि ती खोली मोजली. मग बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मजा आहे बुवा यांची. बोर्ड उचलायला नको."

तेव्हापासून दुपारी मी बहिणीला जवळ घेऊन ती खोली सांगायचे. तिला अजून वाचता येत नव्हतं. "हे बाबांचं टेबल. इथे ठेवलं की उजेड डावीकडून येतो, हाताची सावली रेघेवर पडत नाही."

"मग जेवायचं कुठे?"

"जेवायची खोली वेगळी आहे."

"आणि पाहुणे?"

"पाहुण्यांचीही वेगळी. बाबांना उठायला लागत नाही."

ती पुढचं पान उलटायची, कारण पुढच्या पानावर कुत्रे होते. तिला कुत्रेच आवडायचे.

पुढे मी ड्राफ्ट्समनचाच कोर्स केला. एकदा सरांनी घरातल्या खोल्यांची जुनी नावं विचारली आणि मी हात वर करून ऐटीत सांगितलं की ड्रॉइंग रूम म्हणजे ड्रॉइंग काढायची खोली. वर्ग खोखो हसला. सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सांगितलं की मूळ शब्द विथड्रॉइंग रूम. जेवणं झाल्यावर बायका टेबलावरून उठून जिथे जाऊन बसायच्या ती खोली. बँकेतून पैसे विथड्रॉ करतात तशा पंगतीतून बायका. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा चटईवर ओणवे होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, शेवटपर्यंत नाही. त्या खोलीवर त्यांचाही जीव जडला होता.

बहिणीने कॉमर्स केलं. तिचं लग्न झालं, नवऱ्याला इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती गेली. पहिल्या फोनवर म्हणाली, "ताई, आमच्या घराला हॉल आहे, पण चपला काढण्यापुरताच." मला वाटलं शिष्टपणा करतेय. मग कळलं की तिकडे साध्या घरात दारातल्या बोळालाच हॉल म्हणतात. म्हणजे तिच्याकडे आमच्यासारखा हॉल नाही आणि माझ्याकडे आहे. एवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

मग तिने कळवलं की गावाबाहेर एक मोठं जुनं घर आहे आणि वर्षाचा पास काढला की हवं तेव्हा आत सोडतात. त्यानंतर फोटो सुरू झाले. ती जिन्यावर उभी. जिना दगडी, भिंतीतून निघालेला, खाली एक खांब नाही, आणि ही त्याच्यासमोर आइस्क्रीम खातेय. मी तोच जिना पुस्तकात बघून पेन्सिलने कितीतरी वेळा काढलेला. तोच म्हणजे त्याच्या भावकीतला. मी लिहिलं, छताचा फोटो पाठव. तिने झुंबराचा पाठवला. मी लिहिलं, झुंबर नको, छत. तिने केकचा पाठवला.

आई माझ्याबरोबर राहते. तिला फोटो दाखवले की ती चष्मा लावून नीट बघायची आणि दर वेळी एकच विचारायची, "एवढं पुसायला बायका किती लागत असतील गं?"

बहिणीने बोलावलं नाही असं नाही. "ये ना ताई, सुट्टी काढ, मी सगळं दाखवते." मी आईच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना मध्ये का घेतेस? ते काय तुला धरून ठेवतायत?" खरं कारण होतं ते 'दाखवते'. माझी घरं तिने मला दाखवायची, वर मी वा-वा करायचं, हे मला झेपलं नसतं.

यंदाच्या थंडीत आईच्या प्रश्नाचं उत्तर आलं. बहिणीने त्या घरात पुसायचं काम धरलं. बिनपगारी, हौसेने. तिकडे बरेच लोक करतात म्हणे. हिवाळ्यात ते घर लोकांसाठी बंद ठेवतात. खिडक्यांची लाकडी झडपं लावतात, कारण उजेडाने रेशीम विरतं. खुर्च्यांवर पांढऱ्या खोळी चढवतात, झुंबर कापडात बांधतात आणि मग धूळ काढतात. "याला घर झोपवणं म्हणतात, ताई. मी ब्रशने कोरीवकाम झाडते. मऊ केसांचा ब्रश असतो, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, नळीच्या तोंडाला जाळी. एखादा कपचा उडाला तर तो आत जायला नको."

पेणकरपाड्यात हिला पंखा पुसायला सांगितला की हिचं डोकं दुखायचं. आता ती त्या वेलीच्या एकेका पानावरून हात फिरवत होती. झाडूवालीचा हेवा करायची वेळ माझ्यावर आली. मला लाज वाटली नाही, नुसता राग आला.

आणि मग तिने पट्टी मागितली.

"भाईंदरचं एक कुटुंब इकडे परत येतंय, रविवारी निघतायत. त्यांच्याकडे बाबांची तिकोनी पट्टी दे ना. इथे ड्रॉइंग रूमच्या छताला चीर गेलीय. दुरुस्तीच्या आधी सगळं जसंच्या तसं कागदावर काढून ठेवायचंय. फोटो आहेतच, पण त्यांना हाताने काढलेलंही हवं असतं. एक कोपरा मला दिलाय."

"तुला? तुला रेघ तरी सरळ येते का?"

"येते की. बाबांची शाई वाळली की खालची पेन्सिल मीच खोडायचे. तू पुस्तकात डोकं घालून बसलेली असायचीस."

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे डोळ्यांसमोर होतं, पण माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पट्टी कुठे ठेवलीय आठवत नाही, शोधते." पट्टी माझ्यासमोर टेबलावर होती, मी तिच्यावर हात ठेवूनच बोलत होते.

ते सगळे दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. दुकानात एका बाईंनी त्यांच्या हॉलसाठी कोपऱ्यात गुलाब मागितले तर मी म्हटलं, "गुलाब नहीं होता, अकँथस का पत्ता होता है." म्हणजे त्या जुन्या छतांवरच्या वेलीचं कातरलेलं पान. त्या घाबरून नवऱ्याला बोलवायला गेल्या. घरी आई म्हणाली, "पट्टी द्यायची तर दे, नाही तर नाही म्हण. भांडी आपटू नकोस, ती माझी आहेत."

शनिवारी दुपारी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मी घरी होते, आई सोफ्यावर मेथी निवडत होती. बहीण त्या खोलीतूनच बोलत होती. मागे पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या, एका खिडकीची झडपं उघडी आणि त्या खिडकीपाशी एक टेबल, टेबलावर बोर्ड. बोर्डवर कागद लावलेला होता.

"शाई चालत नाही बरं का इथे," ती म्हणाली, "फक्त पेन्सिल. पट्टी मिळाली?"

"तुलाच का दिलं हे काम?" मी विचारलं.

ती हसली. "अगं, मी इथल्या बाईंना आपल्या चाळीची गोष्ट सांगितली. की लहानपणी मला वाटायचं ड्रॉइंग रूम म्हणजे ड्रॉइंग काढायची खोली. सगळ्यांना इतकी आवडली. त्या बाई म्हणाल्या, मग तू इथे बसून ड्रॉइंग काढलंच पाहिजेस. आणि टेबल मागवलं."

जिना तिचा, ब्रश तिचा, वेल तिची, ते सगळं मी गिळलं होतं. पण ही चूक माझी होती. भर वर्गात हसं करून घेतलं ते मी.

"मला," मी म्हटलं.

"काय?"

"मला वाटायचं. तुला नाही. तुला वाचतासुद्धा येत नव्हतं. तू कुत्रे बघत होतीस."

आईचा मेथी निवडणारा हात थांबला. बहिणीच्या मागे कोणीतरी शिडी सरकवल्याचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली. "तुझंच आहे. पण ताई, तू कधी कोणाला सांगितलंस का ते? मला तर तू नंतर सांगितलंच नाहीस की ते खोटं आहे. मी इथे येईपर्यंत खरंच धरून चालले होते. या खोलीत पहिल्यांदा आले ना, तेव्हा छत नाही बघितलं. टेबल कुठे ठेवलं तर उजेड डावीकडून येईल, ते बघितलं."

हेवा कमी झाला नव्हता, उलट वाढलाच होता, कारण आता त्यात बाबाही होते.

आई उठली. तिने मेथीची परात आत नेली, टीपॉयवरची वर्तमानपत्रं उचलली, सोफ्यावरच्या उशा एका बाजूला केल्या आणि टीपॉय खिडकीपाशी ओढला. मी कपाटामागचा बाबांचा बोर्ड काढला, टीपॉयवर आडवा टाकला आणि त्यावर कागद लावला. पट्टी आणली. बहिणीने ती स्क्रीनवर बघितली.

"मिळाली?"

"मिळाली. येईल तुझ्याकडे, पण माझं काढून झाल्यावर. त्या खोलीची रुंदी विचार कोणाला तरी, आणि फोन वर धर. झुंबर नको, छत."

तिने फोन वर धरला. आधी कापडात बांधलेलं झुंबर आलं, मग ते बाजूला सरकलं आणि ती वेल आली, पांढरी, एक पान दुसऱ्यासारखं नसलेली, मधून बारीक चीर गेलेली. खूप उंच होती. मी आमच्या हॉलच्या खिडकीशी बसून, मांडी घालून, पहिली रेघ मारली. हाताची सावली रेघेवर पडत होती. मी बोर्ड फिरवला.

दाराची बेल वाजली. आईने दार अर्धवट उघडून शेजारणीला सांगितलं, "बाद में आना, अभी जगह नहीं है." मी पान काढत राहिले. थोड्या वेळाने फोन हलायला लागला.

"ताई, हात दुखतोय गं."

"दुखू दे," मी म्हटलं. "डावीकडचा कोपरा दाखव."